येरवड्याच्या भिंती आणि बुधवार पेठेचा कच्चा कैदी

२६ जानेवारी २०२१ रोजी महाराष्ट्र शासनाने येरवडा मध्यवर्ती कारागृहापासून 'तुरुंग पर्यटना'चा प्रारंभ केला. शाळकरी मुलांना ५ रुपये, महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना १० रुपये आणि इतरेजनांना ५० रुपये असा प्रवेशाचा दर ठरला. गांधीजी आणि टिळक जेथे राहिले त्या खोल्या, पुणे कराराशी निगडित झालेला आंबा, चापेकर बंधू फासावर गेले ते ठिकाण, हे सारे नव्या पिढीने पाहावे अशी त्यामागची कल्पना होती. कल्पना मुळात वाईट म्हणता येणार नाही. योजना जाहीर करणारे तत्कालीन गृहमंत्री अनिल देशमुख यांना त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात अटक झाली आणि मुंबईच्या आर्थर रोड तुरुंगात त्यांना वर्षाहून अधिक काळ काढावा लागला. काळाचा हा विनोद चघळत बसण्यात आम्हाला स्वारस्य नाही. त्यांच्यावरील आरोपांचा निवाडा करणे हे न्यायालयाचे काम आहे. परंतु निवाडा होण्यापूर्वीच एवढा काळ गजांआड जातो हा अनुभव, ज्यांच्यापाशी नामांकित वकिलांची फौज उभी राहू शकते अशा माजी गृहमंत्र्यालाही चुकला नाही, ही गोष्ट मात्र लक्षात ठेवण्याजोगी आहे. ज्याच्यापाशी वकीलच नाही त्याचे काय होत असेल, या प्रश्नाशी आमचा संबंध आहे.

तुरुंग ही पाहण्याजोगी वास्तू आहे, हे आम्हाला मान्य आहे. किंबहुना राज्यकर्त्यांच्या मनाचा इतका स्पष्ट पुरावा दुसऱ्या कोणत्याही इमारतीत मिळत नाही. राजवाडे आणि विधानभवने लोकांना दाखवण्यासाठी बांधली जातात, म्हणून ती थोडीफार खोटे बोलतात. तुरुंग लोकांना दिसू नये म्हणून बांधला जातो, आणि म्हणूनच तो खरे बोलतो. येरवड्याच्या भिंती काय सांगतात हे ऐकायचे असेल, तर केवळ एका आंब्याच्या झाडाखाली उभे राहून भागणार नाही. थोडे मागून, आणि थोडे दुरून, यावे लागेल. आम्ही बुधवार पेठेतून निघू.

बुधवार चौकाच्या परिसरात आज फरासखाना पोलीस ठाणे आहे. या नावाचा तुरुंगाशी मुळात काहीही संबंध नाही. फरासखाना म्हणजे पेशव्यांच्या तंबू, राहुट्या, गालिचे, बिछायती यांचे कोठार. पेठेत बेलबाग होती, पुढे दुसऱ्या बाजीरावाचा बुधवारवाडा उभा राहिला, सावकारी पेढ्या होत्या. पण ज्याला आपण आज तुरुंग म्हणतो अशी वास्तू त्या पुण्यात नव्हती. शिक्षा नव्हती असा याचा अर्थ कोणी घेऊ नये. दंड होता, धिंड होती, हातपाय तोडणे होते, हत्तीच्या पायी देणे होते. बड्या राजकीय कैद्यासाठी गड होते. सखारामबापू बोकिलांसारखा साडेतीन शहाण्यांतला मुत्सद्दी अखेर रायगडावर कैदेत मेला. बदकर्माचा आरोप आलेल्या बायकांना सरकारच्या कोठ्यांत, पागांत आणि गडांवर कुणबिणी म्हणून राबवले जाई, आणि त्यांची खरेदीविक्रीही होई. इंग्रज येण्यापूर्वी येथे रामराज्य होते असे मानणाऱ्यांनी ही दप्तरे एकदा चाळावीत. तथापि माणसाला वर्षानुवर्षे एका खास बांधलेल्या इमारतीत कोंडून ठेवणे आणि त्या कोंडण्यालाच शिक्षा म्हणणे, ही रीत इंग्रजांबरोबर आली.

ती आली तेव्हा इमारत तयार नव्हती. म्हणून जी हाती होती ती वापरली गेली. १८१८ साली पेशवाई बुडाली आणि १८२५ च्या सुमारास शनिवारवाड्याच्या तळमजल्यावर साधे कैदी, त्यावर इस्पितळ आणि त्याच्याही वरच्या मजल्यावर वेडे, अशी व्यवस्था झालेली दिसते. जेथे अटकेपार गेलेल्या फौजांचे मनसुबे रचले गेले तेथे खाली बेड्यांचा आवाज आणि वर वेड्यांचा, याबद्दल पुष्कळ उसासे आजवर टाकले गेले आहेत. आमचे लक्ष दुसरीकडे जाते. गुन्हेगार, रोगी आणि वेडा या तिघांना एकाच वास्तूत ठेवताना नव्या राज्यकर्त्यांना विसंगत असे काही वाटले नाही. त्यांच्या लेखी हे तिघे एकाच जातीचे होते: ज्यांचा उपयोग नाही आणि ज्यांच्यावर नजर ठेवली पाहिजे अशांची जात. १८२८ च्या आगीत वाड्याचा बहुतेक भाग भस्मसात झाला. पुढे नदीपलीकडे येरवड्यास मध्यवर्ती तुरुंग झाला आणि काही दशकांनी वेड्यांचे इस्पितळही त्याच बाजूस गेले. वाड्याचे मजले जणू सुटे करून नदीपार मांडले गेले.

याच सुमारास पुण्यात आणखी एक विचार घोळत होता. जेरेमी बेन्थॅम या इंग्रज तत्त्वज्ञाने अठराव्या शतकाच्या अखेरीस एका चक्राकार तुरुंगाचा आराखडा मांडला होता. भोवती कोठड्यांचे कडे, मध्यभागी पहारेकऱ्याचा मनोरा. पहारेकऱ्याला प्रत्येक कैदी दिसावा, कैद्याला पहारेकरी दिसू नये. मनोऱ्यात कोणी असो वा नसो, आपल्यावर डोळा आहे या जाणिवेनेच माणूस वाकावा, हे त्यातले मर्म. मुंबई इलाख्याचा गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन हा बेन्थॅमचा चांगला वाचक होता आणि १८२० च्या दशकात पुण्यात या धर्तीचा तुरुंग उभारण्याचा विचार सरकारदरबारी झाला होता. लंडनमध्ये बेन्थॅमला आयुष्यभर खटपट करूनही हा तुरुंग मनासारखा बांधता आला नाही. साम्राज्यात मात्र अशा प्रयोगांना जागा मिळत असे, कारण तेथे ज्यांच्यावर प्रयोग करायचा त्यांना मत नव्हते.

मेकॉले ज्या समितीत होता त्या तुरुंग-शिस्त समितीचा अहवाल १८३८ साली आला. कैद्यांना लिहायवाचायला शिकवणे, त्यांच्यात नैतिक सुधारणा घडवणे असल्या गोष्टी या समितीने जाणूनबुजून बाजूला सारल्या. कंटाळवाणे, एकसुरी, मनाला कोठेही विसावा न देणारे काम हीच योग्य शिक्षा, असे तिचे मत पडले. रस्त्यावर बेड्या घालून काम करणारा कैदी निदान उघड्यावर असे, ओळखीच्या माणसाशी चार शब्द बोलू शके. तेही बंद करून मोठमोठे मध्यवर्ती तुरुंग बांधावेत अशी शिफारस झाली. तसे तुरुंग बांधले गेले आणि त्यांत माणसे माशांसारखी मेली. १८६४ च्या समितीपुढे जो हिशेब आला तो मागील दहा वर्षांत ४६ हजारांहून अधिक कैदी तुरुंगांत मेल्याचा होता. तेव्हा प्रत्येक कैद्यामागे किमान ५४ चौरस फूट जागा आणि ६४० घनफूट हवा असावी, असे माप ठरले. या आकड्यांकडे नीट पाहावे. राज्यकर्त्यांना दया आली होती असे नव्हे. कामकरी कैदी मरणे हा तोटा होता आणि तुरुंगातली पटकी छावणीपर्यंत पोहोचण्याची भीती होती. तरीही एका परकीय, जुलमी सरकारने दीडशे वर्षांपूर्वी आपल्या सर्वांत हीन लेखलेल्या प्रजाजनासाठी हवेचे माप कागदावर लिहून ठेवले. हा आकडा वाचकांनी ध्यानात ठेवावा, पुढे तो लागणार आहे.

येरवड्याचा तुरुंग १८७१ सालचा, म्हणजे या साऱ्या विचारांचा अर्क उतरल्यानंतरचा आहे. शहरापासून दूर, नदीपलीकडे, पण खडकीच्या आणि पुण्याच्या लष्करी छावण्यांपासून हाकेच्या अंतरावर, अशी त्याची जागा आहे. १८५७ नंतरच्या सरकारला कैदी आणि बंदुका यांच्यातले अंतर कमी असावे असे वाटणे स्वाभाविक होते. उंच दगडी तट, एक दार बंद झाल्याखेरीज दुसरे उघडत नाही असे दुहेरी प्रवेशद्वार, आत पुन्हा भिंतींनी तोडलेली आवारे, ज्यांना तुरुंगाच्या भाषेत 'सर्कल' म्हणतात, सर्कलमध्ये बराकी, आणि बराकींपासून वेगळ्या काढलेल्या एकान्त कोठड्या. तटाच्या आत तट, त्याच्या आत आणखी भिंत. बाहेरचा तट कैद्याला समाजापासून तोडतो आणि आतल्या भिंती कैद्याला कैद्यापासून तोडतात. शे-दोनशे माणसे एकत्र येऊन काही मागू लागली, तर एका सर्कलची हाक दुसऱ्या सर्कलला जाऊ नये, ही त्या रचनेमागची दृष्टी आहे. अलीकडच्या दशकांत याच तुरुंगात 'अंडा' या नावाने ओळखला जाणारा अतिसुरक्षित विभाग आला. नाव आकारावरून पडले. बेन्थॅमचे चक्र थोडे लांबट झाले, एवढाच फरक.

इमारतीबरोबर कायदाही उभा राहिला. गांधीजींना ५ मे १९३० रोजी पकडून येरवड्यास आणले गेले, ते १८२७ सालच्या २५ व्या मुंबई रेग्युलेशनखाली. खटला नाही, आरोपपत्र नाही, मुदत नाही. तुरुंगाची पहिली शिळा बसण्याआधी चव्वेचाळीस वर्षे हा कायदा जन्मला होता आणि एक शतक उलटले तरी तो ताजा होता. राज्यकर्ते बदलले तरी विनाचौकशी स्थानबद्धतेचा कायदा कोणत्या ना कोणत्या नावाने जिवंत राहतो, याचे हे जुने उदाहरण. गांधीजींनी या जागेला 'येरवडा मंदिर' म्हटले, येथून आश्रमवासीयांना व्रतांविषयी पत्रे लिहिली, येथेच पेटीत मावणाऱ्या चरख्याची खटपट केली आणि त्याला 'येरवडा चक्र' हे नाव पडले. मनुष्य आपल्या बळावर तुरुंगाचेही मंदिर करू शकतो हे खरे. पण त्यामुळे तुरुंग बांधणाऱ्याचा हेतू पवित्र ठरत नाही, आणि मंदिर करण्याची सवड प्रत्येक कैद्याला मिळतही नाही. १९२९ मध्ये जतीन दास लाहोरच्या तुरुंगात उपोषणाने मेले, तेव्हा सरकारने पुढच्या वर्षी कैद्यांचे अ, ब आणि क असे वर्ग पाडले. शिक्षण, सामाजिक दर्जा आणि राहणीमान पाहून वर्ग मिळू लागला. पुस्तके, कागद, बरे अन्न अ आणि ब वर्गाला. मिरवणुकीत लाठ्या खाऊन आलेला गिरणी कामगार किंवा शेतकरी सत्याग्रही बहुधा क वर्गात. स्वातंत्र्यलढ्यातले आमचे तुरुंगवाङ्मय मोठे आणि मोलाचे आहे. साने गुरुजींनी 'श्यामची आई' १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिली, त्याआधी धुळ्याच्या तुरुंगात विनोबांची गीताप्रवचने टिपून घेतली. पण ज्याला दगड फोडून संध्याकाळी हात उचलवत नव्हता, त्याने आपला तुरुंग लिहून ठेवला नाही. पर्यटकाला दाखवण्याजोगी त्याची खोलीही नाही. तो बराकीत होता.

पुणे कराराची जागा दाखवतानाही एवढ्याच प्रामाणिकपणाची गरज आहे. २० सप्टेंबर १९३२ रोजी गांधीजींचे उपोषण सुरू झाले आणि २४ सप्टेंबरला करार झाला. जातीय निवाड्याने अस्पृश्यांना दिलेला स्वतंत्र मतदारसंघ गेला आणि संयुक्त मतदारसंघात प्रांतिक कायदेमंडळांच्या १४८ राखीव जागा आल्या. या वाटाघाटीत तुरुंगाच्या आत गांधीजी होते आणि बाहेरून येणारे डॉ. आंबेडकर होते. दिसायला बंदिवान एक आणि मोकळा दुसरा. परंतु एका माणसाचे प्राण जाण्याची घटिका भरत आली असताना साऱ्या देशाचा रोष ज्याच्यावर वळवला गेला होता, तो त्या चार दिवसांत कितपत मोकळा होता? आंब्याच्या झाडाखाली हा प्रश्नही मुलांना विचारता आला पाहिजे.

फाशीच्या जागेबद्दल थोडेच लिहितो. दामोदर चापेकर १८ एप्रिल १८९८ रोजी येथे फासावर गेले. पुढच्या वर्षी मे महिन्यात वासुदेव चापेकर, महादेव रानडे आणि बाळकृष्ण चापेकर यांना काही दिवसांच्या अंतराने फाशी झाली. १२ जानेवारी १९३१ रोजी सोलापूरचे मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन हे चौघे येथेच गेले. नावे मुद्दाम पूर्ण दिली. या चार नावांत जे हिंदुस्थानचे चित्र आहे ते हल्ली फारसे कोणाला आठवत नाही.

स्वातंत्र्यानंतर या भिंतींचे काय झाले? १९७५ च्या जूनमध्ये आणीबाणी आली आणि त्याच बराकी पुन्हा भरल्या. प्रमिला दंडवते येरवड्यास होत्या, तर मधु दंडवते बंगलोरच्या तुरुंगात. मृणाल गोरे यांना अकोल्याच्या तुरुंगात एका कुष्ठरोगी स्त्रीच्या आणि एका वेड्या स्त्रीच्या शेजारी ठेवले गेले. शनिवारवाड्याचे मजले दीडशे वर्षांनी पुन्हा एकत्र आले, असेच म्हणावे लागेल. राजकीय कार्यकर्तीचा धीर खचवण्यासाठी ही योजना होती, यात शंका नाही. पण त्या निमित्ताने आणखी एक गोष्ट उघडकीस आली. मृणालताई येण्यापूर्वीही त्या दोघी तेथे होत्या आणि मृणालताई सुटल्यावरही अशा बाया तुरुंगांतच राहिल्या. आजारी आणि वेडी बाई तुरुंगात का, हा प्रश्न तोवर कोणी विचारला नव्हता. १९७७ साली तुरुंगातून सुटलेली माणसे दिल्लीत सत्तेवर आली. मिसा रद्द झाला, हे जनता सरकारचे श्रेय कोणी हिरावून घेऊ शकत नाही. परंतु १८९४ चा तुरुंग कायदा होता तसाच राहिला. ज्यांनी एकोणीस-एकोणीस महिने बराकीतली हवा खाल्ली होती, त्यांच्या मंत्रिमंडळाला त्या बराकीकडे वळून पाहण्यास सवड झाली नाही. न्या. मुल्ला यांची समिती १९८० मध्ये दुसऱ्याच सरकारने नेमली, तिने १९८३ मध्ये मोठा अहवाल दिला, आणि तो दप्तरात गेला.

तुरुंगाच्या आतल्या भिंती केवळ दगडाच्या नसतात. कैद्याने कोणते काम करायचे हे अनेक राज्यांच्या तुरुंग-नियमांत जातीवरून ठरत असे. स्वयंपाक सवर्णाकडे, संडाससफाई ठरावीक जातींकडे, आणि भटक्या-विमुक्तांना तर जन्मतःच सराईत गुन्हेगार समजायचे. जन्मजात गुन्हेगार ठरवणारा ब्रिटिशांचा कायदाही १८७१ चाच, येरवड्याचा समवयस्क. तो कायदा स्वातंत्र्यानंतर रद्द झाला. नियमपुस्तकांतले त्याचे भूत मात्र ३ ऑक्टोबर २०२४ पर्यंत टिकून होते. त्या दिवशी पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने हे जातीवरचे काम आणि ही वर्गवारी घटनाबाह्य ठरवली. जे काम लोकप्रतिनिधींनी पंचाहत्तर वर्षांत करावयास हवे होते, ते एका पत्रकार बाईला न्यायालयात जाऊन करून घ्यावे लागले.

आता त्या हवेच्या मापाकडे येऊ. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या आकडेवारीप्रमाणे २०२२ च्या अखेरीस देशातील तुरुंगांत ४,३६,२६६ माणसांची सोय होती आणि ५,७३,२२० माणसे कोंडलेली होती. महाराष्ट्राची अवस्था देशाच्या सरासरीहून वाईट आहे. येरवड्याची अधिकृत क्षमता अडीच हजारांच्या आसपास, आणि अलीकडच्या वर्षांत तेथे तिच्या अडीचपटीने कैदी राहत आले आहेत. म्हणजे १८६४ च्या गोऱ्या साहेबाने कागदावर दिलेल्या हवेतील निम्मी हवासुद्धा स्वतंत्र भारताच्या कैद्याच्या वाट्यास धड येत नाही. रात्री कुशीवर वळायचे तर शेजाऱ्यालाही वळावे लागते.

आणि हे कैदी आहेत तरी कोण? वर दिलेल्या ५,७३,२२० पैकी ४,३४,३०२ जण, म्हणजे शेकडा ७५ हून अधिक, कच्चे कैदी होते. त्यांचा गुन्हा शाबीत झालेला नाही. त्यांना कोणत्याही न्यायाधीशाने तुरुंगवासाची शिक्षा दिलेली नाही. दलित, आदिवासी आणि मुसलमान यांचे तुरुंगातले प्रमाण लोकसंख्येतल्या त्यांच्या प्रमाणाहून जास्त आहे, हे वर्षानुवर्षे याच सरकारी तक्त्यांवरून दिसत आले आहे. तुरुंग हा शिक्षा भोगण्याचा वाडा आहे ही समजूत आता सोडून द्यावी. तो मुख्यतः वाट पाहण्याचा वाडा झाला आहे.

बुधवार पेठेकडे परत जाऊन ही वाट कशी आहे ते पाहू. समजा, विजेच्या सामानाच्या दुकानांतून पेट्या वाहणारा एक हमाल आहे. तो मराठवाड्यातून किंवा बिहारमधून आलेला, भाड्याच्या खोलीत आठजणांबरोबर राहणारा. चोरीच्या संशयावरून त्याला फरासखान्यात नेले जाते, तेथून शिवाजीनगरच्या न्यायालयात, तेथून येरवड्यास. कदाचित दहा-पंधरा दिवसांत त्याला जामीन मंजूरही होतो. पण जामिनाचा कागद म्हणजे सुटका नव्हे. जामीनदार स्थानिक हवा. त्याच्यापाशी सातबारा किंवा घरपट्टीची पावती हवी, ऐपतीचा दाखला हवा, शिधापत्रिका हवी. ज्याचा सारा गोतावळा चारशे मैलांवर आहे, त्याने पुण्यात घर असलेला माणूस कोठून पैदा करायचा? मग तो आत राहतो. ज्याला जामीन नाकारला तोही आत आणि ज्याला जामीन दिला तोही आत. दोघांत फरक पडला तो एका पावतीने.

यात आम्ही नवे काही सांगत नाही, हीच शोकांतिका आहे. १९७८ साली मोतीराम या मध्य प्रदेशातल्या गवंड्याच्या प्रकरणी न्या. कृष्ण अय्यर यांनी नेमके हेच सांगितले होते. दहा हजारांचा जामीन गवंड्याने कोठून आणावा, आणि दुसऱ्या जिल्ह्यातला जामीनदार का चालू नये, असे त्यांनी खडसावून विचारले होते. पुढच्याच वर्षी हुसैनआरा खातून प्रकरणात बिहारच्या कच्च्या कैद्यांची दैना देशापुढे आली. नंतर फौजदारी प्रक्रिया संहितेत ४३६-अ कलम आले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या संहितेच्या ४७९ व्या कलमाने, ज्याचा पहिलाच गुन्हा आहे अशा कच्च्या कैद्याने कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ काढला असेल तर त्याला जातमुचलक्यावर सोडण्याची तरतूद केली. मृत्युदंड वा जन्मठेपेचे गुन्हे त्यातून वगळले आहेत. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती जुन्या प्रकरणांनाही लागू आहे असे सांगितले. केंद्राने २०२३ मध्ये गरीब कैद्यांच्या जामिनासाठी आर्थिक साहाय्याची योजना काढली. मूळ योजनेत कच्च्या कैद्यास ४० हजारांपर्यंत मदतीची तरतूद होती. कागद भरपूर आहेत. कैदी आणि कागद यांची गाठ घालून देणारा माणूस नाही.

पेठेतल्या आणखी एका वर्गाचा येथे उल्लेख केला नाही तर हा लेख अपुरा राहील. बुधवार पेठेतल्या देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांसाठी येरवड्याचा तट नेहमीच लागतो असे नाही. १९५६ च्या कायद्याखाली धाड पडते, दलाल आणि घरमालक बहुधा सुटतात, आणि बाईला 'संरक्षणगृहा'त पाठवले जाते. दाराला बाहेरून कुलूप, भेटीला परवानगी, बाहेर पडायला दंडाधिकाऱ्याचा हुकूम. ज्या इमारतीतून सज्ञान माणसाला आपल्या मर्जीने बाहेर पडता येत नाही तिला तुरुंगाखेरीज दुसरे नाव आम्हाला सुचत नाही. अल्पवयीन मुलगी आणि फसवून आणलेली बाई यांना सोडवलेच पाहिजे, याबद्दल दुमत नाही. पण इच्छेविरुद्ध डांबलेल्या सज्ञान स्त्रियांच्या प्रकरणांची फेरतपासणी करून त्यांची सुटका करावी, असा निर्देश सर्वोच्च न्यायालयाने १९ मे २०२२ रोजी दिला आहे. पेशवाईतल्या कोठीपासून आजच्या संरक्षणगृहापर्यंत, बाईला तिच्याच भल्यासाठी कोंडण्याची ही परंपरा या शहराला नवी नाही. याच पेठेतल्या भिडेवाड्यात १८४८ साली जोतिराव आणि सावित्रीबाईंनी मुलींसाठी शाळेचे दार उघडले होते. तो वाडा २०२३ च्या डिसेंबरात पाडला गेला आणि जागा स्मारकासाठी मोकळी झाली. स्मारके शासनाला आवडतात.

या साऱ्यावर राज्यकर्त्यांकडे उत्तर ठरलेले असते: आणखी तुरुंग बांधू, आणखी मजले चढवू. बांधकामाच्या ठेक्यांत कोणाचे हित असते हे वाचकांना सांगायला नको. शेकडा ७५ माणसे जेथे असायलाच नकोत तेथे त्यांच्यासाठी जागा वाढवणे हा उपाय नव्हे. आणि भिंतीवाचून कैदी राहतच नाही, हा युक्तिवाद तर महाराष्ट्रात कोणी करूच नये. औंध संस्थानात १९३९ साली आटपाडीजवळ स्वतंत्रपूर नावाची खुली वसाहत सुरू झाली. राजा भवानराव पंतप्रतिनिधी, अप्पासाहेब पंत आणि मॉरिस फ्रीडमन हा पोलंडहून आलेला गांधीभक्त यांनी गंभीर गुन्ह्यांतल्या कैद्यांना माळरानावर जमीन दिली, कुटुंबे आणू दिली, आणि तट बांधला नाही. माडगूळच्या ग. दि. माडगूळकरांनी त्यावर कथा लिहिली आणि व्ही. शांताराम यांनी १९५७ साली 'दो आँखें बारह हाथ' हा चित्रपट काढला. चित्रपट साऱ्या जगाने पाहिला. संस्थान विलीन झाले, वसाहत सांगली जिल्ह्यात राहिली, पण शासनाने तिच्यापासून जेवढे शिकायला हवे होते त्याचा शतांशही शिकले नाही. राजस्थानात मात्र सांगानेरसारख्या खुल्या तुरुंगांतून कैदी बाहेर कामावर जातात आणि संध्याकाळी आपल्या बायकामुलांत परततात. राजस्थानातली माणसे आपल्याहून भली आहेत असे समजण्याचे कारण नाही. तेथे कोणीतरी ते करायचे ठरवले, एवढेच.

आमच्या मागण्या साध्या आहेत आणि त्यांपैकी एकीलाही वीट लागत नाही. जामीन मंजूर होऊन सात दिवस उलटले तरी जो आत आहे, त्याला जातमुचलक्यावर सोडण्याचा प्रश्न विधी सेवा प्राधिकरणाने आपण होऊन न्यायालयापुढे न्यावा. भाड्याने राहणाऱ्या माणसाकडून घरपट्टीची पावती मागणे बंद व्हावे. मालक, मुकादम, कामगार संघटना किंवा वस्तीतले दोन शेजारी यांची ओळख पुरेशी मानावी. स्वतंत्रपूरच्या धर्तीवर निदान प्रत्येक महसूल विभागात एक खुली वसाहत सुरू व्हावी. संरक्षणगृहांतल्या सज्ञान स्त्रियांची यादी आणि त्या कोणत्या हुकुमाने तेथे आहेत, हे दर तीन महिन्यांनी प्रसिद्ध व्हावे. आणि जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखाली कच्च्या कैद्यांची प्रकरणे तपासणारी जी समिती आहे, तिच्या बैठकीची तारीख आणि त्या बैठकीत सोडलेल्यांची व अडवलेल्यांची संख्या दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात फरासखान्याच्या दारावर, रस्त्यावरून जाणाऱ्या हमालाला वाचता येईल अशा ठळक मराठी आणि हिंदी अक्षरांत लावावी.